यान्बूतल्या संताची दोन चरित्रं

याद्वारे तमाम मराठी वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की प्रस्तुत लेखक हा संत आहे. सदर संतपद त्यास तांबड्या समुद्राच्या काठी, यान्बूच्या औद्योगिक वसाहतीत, एकाच आठवड्यात दोन वेळा बहाल करण्यात आले. त्याची दोन स्वतंत्र चरित्रे उपलब्ध असून चमत्कारांच्या बाबतीत ती एकमेकांशी जुळत नाहीत. शेवट मात्र दोन्हींत एकच आहे: संत वाळवंट सोडून निघून जातो. संताला जायचे नव्हते, एवढी एक गोष्ट दोन्ही चरित्रकारांनी वगळली आहे.

आता साध्या भाषेत सांगतो.

मी पंपांचा माणूस. समुद्राचं पाणी ओढून सगळ्या कारखान्याला थंड ठेवणारे आमचे पंप एकेका खोलीएवढे, आणि मी त्यांचा घरचा वैद्य. मुलगी बालवाडीत होती तेव्हा पेणहून गेलो आणि ती बारावीत गेली तरी तिथेच होतो. कामावर आम्ही तिघं एका गाडीतून जायचो. गाडी वसईकराची. हा वसईचा ख्रिस्ती, इन्स्ट्रुमेंटवाला, म्हणजे कारखान्यातली मीटरं आणि गेजं बघणारा. त्याचे मामा फादर, आणि तेही सेमिनरीत शिकवणारे. सौदीला येताना जपमाळ, बायबल सगळं तो घरी ठेवून आला होता; पण मामांनी सांगितलेले जुने संत डोक्यात होते, आणि विमानतळावर डोकं उघडून बघत नाहीत. मागच्या सीटवर पुणेकर. हा प्रोसेस इंजिनिअर, आमच्या मराठी मंडळाच्या हस्तलिखित दिवाळी अंकाचा कायमचा संपादक आणि स्वतःच्या मते यान्बूतला एकमेव लेखक. वसईकराच्या मते यान्बूत लेखक दोन होते, आणि त्यातल्या दुसऱ्याबद्दल त्याला शंका होती.

ती सौदीकरणाची वर्षं. कंपनीत सौदी माणसं किती, यावरून सरकार कंपनीला रंग द्यायचं. हिरव्या कंपनीला व्हिसे मिळायचे, लाल कंपनीचे इकामे, म्हणजे तिथं राहायचे परवाने, अडायचे. आमची कंपनी पिवळी पडली, आणि कावीळ झालेल्या माणसाला जसं एकेक पदार्थ तोडायला सांगतात तशी ती एकेक माणूस तोडू लागली. दर महिन्याला कुणाच्या तरी पासपोर्टावर खुरूज निहाई, म्हणजे परत न येण्याचा शिक्का. कोपऱ्यावरच्या बकाल्याच्या, म्हणजे वाण्याच्या, काचेवर सोफे, वॉशिंग मशीन, मुलांच्या सायकली विकायच्या चिठ्ठ्या इतक्या चिकटल्या की आतलं दूध दिसेना. घेणार कोण? ज्यांनी घ्यायचं त्यांच्याच चिठ्ठ्या शेजारी लागलेल्या.

जाणाऱ्याला मंडळातर्फे आम्ही एक मान द्यायचो. शुक्रवारी दुपारी कुणाच्या तरी घरी बिर्याणी, आणि बिर्याणीआधी त्याचं चरित्र वाचायचं. पहिलं चरित्र पुणेकरानं लिहिलं, सांगलीच्या एका इलेक्ट्रिशियनचं. धुळीच्या वादळात हा गृहस्थ दोन दिवस न झोपता स्विचरूममध्ये उभा होता, असं त्यात आलं. बायका रडल्या. पुढच्या महिन्यात वसईकरानं एका वेल्डरचं लिहिलं. तो त्याच वादळात तीन दिवस उभा, तोही पाण्याशिवाय. मग पुणेकराचा क्रेन ऑपरेटर, वादळात क्रेनवरच राहिलेला. त्या एका वादळात आमची इतकी माणसं इतकी जागी राहिली की प्लांटमध्ये उभं राहायलाही जागा उरली नसावी. मला विचाराल तर त्या दिवशी आम्ही सगळे कँटीनमध्ये दारं लावून पत्ते खेळत होतो.

शेवटी एका सकाळी गाडीत पुणेकर फुटलाच.

“वादळ माझं आहे,” तो मागून म्हणाला.

वसईकर आरशात बघून हसला. म्हणाला, “चोरी नाही ती, बाबा. परंपरा आहे.”

आणि रिफायनरीच्या चिमण्या दिसू लागेपर्यंत त्यानं ती परंपरा सांगितली. तिकडे समुद्रापलीकडे, मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या वाळवंटात, फार जुन्या काळी एक तपस्वी होऊन गेला. एका बिशपनं त्याचं चरित्र लिहिलं आणि ते जगभर गेलं. लोक वाचून घरदार सोडायला लागले. हे बघून दुसऱ्या एका लेखकाच्या पोटात दुखलं. हा मोठा विद्वान, आणि जिभेचा तितकाच तिखट. पहिल्या तपस्व्याला वाईट म्हणायची सोय नव्हती, सगळे त्याला मानत होते. मग यानं काय करावं? त्या तपस्व्याच्याही आधी वाळवंटात गेलेला एक म्हातारा काढला, जो कुणीच कधी पाहिला नव्हता. एक कावळा रोज अर्धी भाकरी आणून देतो आणि त्यावर तो जगतो. मग पहिला तपस्वी, नव्वदीचा, काठी टेकत त्याला शोधत निघतो. वाटेत अर्धा घोडा आणि अर्धा माणूस असलेला प्राणी रस्ता दाखवतो. भेट होते, त्या दिवशी कावळा अख्खी भाकरी आणतो, आणि पहिला तपस्वी आपण पहिले नव्हतो हे कबूल करून नमस्कार करतो. म्हाताऱ्याची कबर खणायला सिंह येतात.

“म्हणजे बिशपच्या नायकाला आपल्या नायकाच्या पाया पडायला लावलं,” पुणेकर म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. धंद्यातली एखादी युक्ती पहिल्यांदा कळावी तसा.

वसईकर म्हणाला की पुढे तर सपाटाच लागला. युरोपातल्या एका लेखकानं आपला संत काढला आणि लिहिलं की मिसरमधले सगळे मिळून याच्या पासंगाला पुरणार नाहीत. एकाच्या संतानं एक मेलेला उठवला की दुसऱ्याच्यानं जास्त उठवायचे. राक्षस तेच, सिंह तेच, वाक्यंसुद्धा तीच. फक्त आकडा वाढवायचा.

पुणेकरानं विचारलं, त्या दुसऱ्या लेखकाला कुणी विचारलं नाही का, हा म्हातारा खरंच होता का म्हणून?

“विचारलं ना. पुढच्या पुस्तकात त्यानं विचारणाऱ्यांनाच शिव्या घातल्या.”

त्या सकाळपासून दोघांमधलं वैर रीतसर झालं. मला त्यात फार मजा वाटायची, हे सांगायला हवं. दर महिन्याला एक माणूस जायचा, दर महिन्याला एक घर रिकामं व्हायचं, आणि त्या काळोखात मला दिवाळी अंकाचं वर्षभर चालणारं एकच प्रकरण घरपोच मिळत होतं. आज कोण कुणावर मात करतो हे बघायला मी बिर्याणीआधी पुढच्या रांगेत बसायचो.

मग माझं नाव आलं.

दिवाळी होऊन गेली होती. दोन महिन्यांची मुदत. पैशाचं, सामानाचं मी काही ना काही केलं असतं. खरं दुखणं दुसरंच होतं. मुलीची बारावीची परीक्षा मार्चमध्ये. फॉर्म भरलेला, तिथल्याच इंडियन स्कूलमधून. मी गेलो की माझा इकामा गेला, आणि तिचा इकामा माझ्याच इकाम्याला लटकलेला. प्रिन्सिपल बाई चांगल्या होत्या. त्यांनी स्वच्छ सांगितलं की आता शाळा बदलता येणार नाही, मार्चमध्ये ती इथे नसेल तर वर्ष गेलं. मुलगी रोज पहाटे फिजिक्स घेऊन बसायची. तिला काही विचारलं की इंग्रजीत “फाइन” एवढंच म्हणायची. ज्या घरात मूल “फाइन” म्हणतं त्या घरात काहीही ठीक नसतं.

मी मुदीरकडे, आमच्या सौदी मॅनेजरकडे गेलो. सभ्य माणूस. त्यानं ऐकून घेतलं, स्वतःच्या मुलींची चौकशी केल्यासारखी माझ्या मुलीची चौकशी केली आणि मार्चअखेरपर्यंत मुदत वाढवायला आपली हरकत नाही असं सांगितलं. फक्त वरच्यांना दाखवायला काही हवं. माझ्याबरोबर काम केलेल्या दोन सीनिअर माणसांनी एकेक पान लिहून द्यावं, हा माणूस आणखी तीन महिने का लागतो म्हणून. बस्स.

यान्बूत माझ्याबरोबर काम केलेली दोन सीनिअर माणसं कोण होती, हे तुम्हाला सांगायला नको.

गाडीत बसल्या बसल्या मी दोघांना काय लिहायचं ते सांगितलं. थंडीत समुद्रातून शेवाळ येतं, जाळ्या तुंबतात, दोन नंबरचा पंप बंद पडतो. हे ज्याला कळतं तो माणूस सध्या एकच आहे. त्याच्या हाताखाली दिलेला सौदी अजून तयार नाही. चार ओळी. दोघांनी मान डोलावली. दोघंही खिडकीबाहेर बघत होते, आणि दोघांच्याही डोळ्यांत ते वादळ मला दिसलं.

दोघं आधी मराठीत लिहायचे आणि मग इंग्रजीत उतरवायचे, कारण खरी भट्टी मराठीतच जमते असं दोघांचंही मत होतं. पुणेकराच्या पहिल्या खर्ड्यात मी पंपाच्या नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलेलं ओळखत होतो. हे खरं आहे, कुणीही ओळखतो. वसईकरानं तो खर्डा वाचला, परत दिला आणि म्हणाला, “आवाजावरून? एवढंच?” त्याच्या कागदावर मी गाडीतून उतरताच बुटाच्या तळव्यातून ओळखू लागलो. दुसऱ्या दिवशी पुणेकरानं मला घरी झोपवलं आणि झोपेतून उठवलं: पाच किलोमीटरवर पंप आजारी पडला आणि मला पलंगावर घाम फुटला.

इथवर मी हसत होतो. बायकोलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, “अहो, इतकं कळतं तर बेसिनचा नळ महिनाभर गळतोय तो का नाही कळत?”

मग वसईकरानं माझी आई घेतली.

आई गेली तेव्हा माझा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली असलेला माणूस रियाधला. बाहेर जाण्याचा शिक्का मिळेपर्यंत तिकडे दहावा होऊन गेला. त्या दिवसांत मी कामावर जात राहिलो, कारण घरात बसवत नव्हतं. पंपाजवळ आवाज इतका असतो की माणूस मोठ्यानं रडला तरी शेजारच्याला कळत नाही. वसईकराला हे माहीत होतं, कारण त्यानंच तेव्हा मला घरी सोडलं होतं. त्यानं लिहिलं: “मातृनिधनाची वार्ता कानी येऊनही त्यांनी पंपाची साथ सोडली नाही.” माझी सक्ती त्यानं वैराग्य करून टाकली. वाक्य सुंदर होतं. तेच तर वाईट होतं.

पुणेकरानं ते वाचलं आणि रात्रीतून माझे वडीलही मारून टाकले. वडील त्या वेळी पेणला ओट्यावर बसून पेपर वाचत होते.

मी दोघांना म्हटलं की हे बंद करा, मला तीन महिने हवे आहेत, देऊळ नको. वसईकरानं खांद्यावर हात ठेवला. “तू कशाला वाचतोस? चरित्र तुझं असतं का कधी? ते वाचणाऱ्याचं असतं.” आणि मामा म्हणायचे म्हणून सांगितलं की त्या काळचे लेखकही असंच करत, संताला कुणी विचारत नसे, तो बहुतेक वेळा मेलेला असे.

त्यानंतर दोघांनी एकमेकांना खर्डे दाखवणं बंद केलं. चोरीची भीती. अर्थात मलाही दाखवले नाहीत. शेवटच्या दिवशी दोघांनीही कागद थेट मुदीरला ईमेल केले, आणि गाडीत दोघंही एकाच मापाचं हसत होते.

मुदीरनं बोलावलं. खजूर होते, कहवा होता. माझ्या हाताखालचा सौदी आधीच तिथं बसलेला. हा तिशी उलटलेला, चार मुलांचा बाप. आधी कंपनीच्या गोदामात होता, तिथल्या बिहारी पोरांकडून हिंदी शिकला होता. पंप शिकायला त्याला माझ्याकडे पाठवलं खरं, पण आल्यापासून त्याचे बहुतेक दिवस इंग्रजीच्या वर्गात, सेफ्टीच्या कोर्सात आणि सर्टिफिकेट हातात धरून फोटो काढण्यात गेले होते. पंपाजवळ यायचा तेव्हा नीट बघायचा, सरळ प्रश्न विचारायचा. त्यालाही कुणीतरी पाठवलं होतं, जसं मला कुणीतरी परत पाठवत होतं. मला तो “सदीक” म्हणायचा, दोस्त.

मुदीरनं दोन्ही कागद उचलले आणि मोठ्यानं वाचायला लागला. आवाज, बूट, पलंग, आई, वडील. वडिलांपाशी त्यानं थांबून माझ्याकडे बघितलं आणि अल्लाहचं नाव घेतलं. मग शेवट आला.

शेवटच्या बाबतीत दोघांनाही एकच सुचलं होतं. सुचणारच, मामांच्या सगळ्या संतांचा शेवट तोच. म्हातारा आपला झगा शिष्याच्या अंगावर घालतो, आपलं सगळं ज्ञान त्याला देऊन टाकतो आणि रिकाम्या हातांनी निघतो. वसईकरानं लिहिलं होतं की या माणसानं हातचं काहीही न राखता सगळी विद्या आपल्या सौदी शिष्याला दिली, आणि आता शिष्याच्या हातांत गुरूचेच हात दिसतात. पुणेकराच्या कागदावर शिष्य गुरूच्याही पुढे गेला होता. डोळे बांधून तो पंप उघडत होता.

मुदीरचे डोळे भरून आले होते, खोटं नाही सांगत. तो उठून आला आणि मला मिठी मारली. म्हणाला की मी तुझ्यासाठी वरच्यांकडे तीन महिने मागायला निघालो होतो, पण आता कशाला? याचसाठी तर हे सगळं चाललंय. तुझं काम पूर्ण झालं. हे दोन्ही कागद मी वर पाठवतोय, परदेशी माणसानं सौदी माणसाला कसं घडवावं याचा नमुना म्हणून. खलास.

मी तोंड उघडलं. आणि तेवढ्यात मला कळलं की माझ्याकडे बोलायला वाक्यच नाही. याला काही येत नाही असं म्हणावं तर मी शिकवलं नाही असा अर्थ होतो, आणि न शिकवणाऱ्याला तर दोन महिनेही देत नाहीत. शिवाय तो माणूस शेजारीच बसलेला, त्याची मान खाली. त्यानं हळूच अरबीत काहीतरी सांगितलं. पुढे त्यानंच मला सांगितलं की, मला अजून पंप येत नाही, असं तो म्हणाला होता. मुदीरनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि कौतुकानं माझ्याकडे वळला: बघ, किती नम्र आहे.

गाडीत मी हे सांगितलं. पुणेकर चष्मा पुसत राहिला. मग वसईकर समोर बघत, अगदी बारीक आवाजात म्हणाला की शिष्य नेहमी असंच म्हणतो, मला काही येत नाही म्हणून. सगळ्या चरित्रांत म्हणतो. लेखक त्याखाली त्याच्या नम्रतेबद्दल एक ओळ घालतात.

दोघंही दुसऱ्या दिवशी मुदीरकडे जाऊन आले. खरं सांगायला गेले होते. मुदीर म्हणाला की मित्रासाठी माणूस खोटं बोलतो हे मला समजतं, आणि त्यांनाही कहवा दिला.

घरी बायकोनं सगळं ऐकलं. मग एवढंच म्हणाली, “तुम्हीच चार ओळी लिहिल्या असत्या तर?” मी म्हटलं, स्वतःबद्दल स्वतः लिहिलेलं चालत नाही. ती म्हणाली, दुसऱ्यांनी लिहिलेलं चाललं ना छान. आणि कपाटं रिकामी करायला आत गेली. मुलीनं पुस्तक मिटलं नाही. तिनं ते त्या दिवशीही वाचलं आणि दुसऱ्या पहाटेही, ज्या परीक्षेला ती बसणार नव्हती तिच्यासाठी. तिला थांबवावं असं मला वाटलं, पण काय सांगून थांबवणार होतो?

माझा निरोप शेवटच्या शुक्रवारी पुणेकराच्या घरी झाला. तिथं आठवडा रविवारी सुरू होतो, आणि त्या रविवारपासून पंप माझ्या हाताखालच्या सौदीच्या एकट्याच्या हाती जाणार होते. मी नको म्हणत होतो. पण मंडळाची पद्धत, आणि बिर्याणी सांगून झालेली. तो सौदीही आला, खजुरांचा डबा घेऊन, आणि सतरंजीवर माझ्या शेजारी मांडी घालून बसला. दोघांनाही आपापलं मराठी चरित्र वाचायचं होतं. मला वाटलं, निदान आज तरी लाजतील. लाजले होतेच. पण आधी कोणी वाचायचं यावरून जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. दोघंही दुसऱ्याला मान देत होते. आधी तुम्ही, छे छे, आधी तुम्ही. नंतर वाचणारा जिंकतो, हे दोघांनाही आता पाठ होतं.

शेवटी वसईकरानं सुरुवात केली. त्याचा आवाज चांगला, आईपाशी तर तो खरोखर अडखळला. बायका डोळे पुसायला लागल्या. माझी बायको पुसत नव्हती. ती खिडकीकडे बघत होती. मुलगी मोबाइलमध्ये. पुणेकर त्या सौदीच्या पलीकडे बसून त्याच्या कानात हिंदीत भाषांतर करत होता, आणि इतकं सगळं होऊनही भाषांतरात आपल्या दोन गोष्टी घुसडत होता, हे मला ऐकू येत होतं. झगा आला. गुरूचे हात आले. डोळे बांधलेला शिष्य, जो वसईकराच्या कागदावर नव्हताच, तोही आला. सगळ्यांच्या नजरा त्या शिष्याकडे वळल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

तो आधी माझ्याकडे बघत राहिला. हातातला खजूर त्यानं परत डब्यात ठेवला. मग कुणालाही उद्देशून नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं तो बोलून गेला, “सदीक, ये कागज में जो सौदी है ना, संडे को ड्यूटी पे उसको भेजो.”